पाचव्या सत्राची कैफियत

सेवानिवृत्त शिक्षकाने उर्वरित आयुष्य कसे कंठावे यासंबंधी आमच्या चाकुरात फारसा मतभेद नाही. सकाळी महामार्गाच्या कडेने फिरावयास जावे, परतताना बसस्थानकासमोर चहा घ्यावा, वर्तमानपत्रातील निधनवार्ता आधी आणि अग्रलेख मागाहून वाचावा, श्रावणात वडवळच्या नागनाथाचे दर्शन घ्यावे, आणि सोयाबीनच्या भावासंबंधी सरकारला जे काही सुनवावयाचे ते पारावर बसून सुनवावे, हा येथील सर्वमान्य परिपाठ. २०२३ साली मुख्याध्यापकपदावरून मोकळा झाल्यावर मीही तो मुकाट्याने पत्करला असता; परंतु माझे चुलते आप्पा, वय वर्षे ब्याऐंशी, शिक्षण मराठी दुसरी, अनुभव एक दिवाणी दावा, यांनी निरोपसमारंभाचा हार माझ्या गळ्यात असतानाच मला बाजूस घेऊन म्हटले, "गुरुजी, पस्तीस वर्सं लोकांची लेकरं शिकवलास. आता घरच्या दाव्यापुरतं तरी शीक."

गावही असे की जेथे १९३५ साली जन्मलेला एक मुलगा कायदा शिकून १९९१ साली थेट लोकसभेचा अध्यक्ष झाला. शिवराज पाटील चाकूरकरांनी गावाचे नाव आडनावासारखे लावून दिल्लीस नेल्यापासून, येथे कोणाच्या हाती कायद्याचे पुस्तक दिसले की लोक त्याच्या पुस्तकाकडे न पाहता त्याच्या मागे कोठे लाल दिव्याची मोटार उभी आहे काय ते पाहतात. माझ्या मागे लातूर आगाराची बस उभी असे. विधी महाविद्यालयास वयाची अट घालण्याचा एक प्रयत्न मध्यंतरी झाला होता. तो सर्वोच्च न्यायालयात जाऊन थबकला आणि आमच्यासारख्या पिकल्या पानांस दार उघडे राहिले. प्रवेशपरीक्षेच्या दिवशी मी सभागृहात पाऊल टाकताच सारी मुले पर्यवेक्षक आले असे समजून उठून उभी राहिली, आणि मीही पस्तीस वर्षांच्या सवयीने हाताने 'बसा' अशी खूण करून मगच आपला आसनक्रमांक शोधू लागलो. निकाल लागला त्याच संध्याकाळी पुतण्याने चौकात माझ्या छायाचित्राचा दहा फुटी फलक चढविला: 'भावी विधिज्ञ, आदरणीय गुरुजी'. वकिलाने स्वतःची जाहिरात करू नये असा भारतीय विधिज्ञ परिषदेचा छत्तिसावा नियम आहे हे मला पुढे व्यावसायिक नीतीच्या तासाला कळले. तोवर उन्हाने माझा चेहरा फिकट होऊन गेला होता आणि फलकाच्या मागल्या बाजूचा उपयोग कोणीतरी कडब्याच्या गंजीवर पांघरूण म्हणून करून टाकला होता.

लातूरची कीर्ती बारावीच्या 'पॅटर्न'मुळे झाली. त्या पॅटर्नातून दरवर्षी डॉक्टर आणि इंजिनियर निघतात; वकील मात्र अद्याप पॅटर्नाविनाच निघतात, आणि हेच बरे आहे. चार सत्रे मी कशीबशी पार केली. पाचवे सत्र हे या अभ्यासक्रमातील खरे घाटमाथ्याचे ठिकाण होय. दिवाणी प्रक्रिया संहिता आणि मुदतीचा कायदा, साक्ष्य अधिनियम, आंतरराष्ट्रीय कायदा, मसुदालेखन, व्यावसायिक नीती अशी जड पाटी डोक्यावर घेऊन मी रोज सकाळी निघे आणि दुपार कलताना परत येई. पारावरून हटकून हाक येई, "काय गुरुजी, अजून शिकलालाव का?" आप्पांची चौकशी अधिक मूलगामी असे.

"रोज किती तास होतेत?"

"चार, आप्पा."

"रोज चार तास!" आप्पांनी कपाळावर हात मारला. "आन् आमचा शेजारी सालाला एकच तास घेत होता, तर आपुन दावा लावला!"

शहरी वाचकांसाठी खुलासा केला पाहिजे. नांगराने जी एक रेघ मारली जाते तीस शेतात तास म्हणतात. आमच्या शेजाऱ्याने, म्हणजे आमच्याच भावकीतील एका गृहस्थाने, दरवर्षी नांगरणीच्या वेळी आमच्या बाजूचा बांध एक-एक तासाने कोरीत आणला. बांध कोरणे ही कला आहे. एका वर्षात दहा तास घेणारा दरोडेखोर ठरतो. दहा वर्षांत दहा तास घेणारा वहिवाटदार. आप्पांच्या लक्षात ही गोष्ट आली तोवर साडेतीन गुंठे पलीकडे गेले होते. १९९४ साली दावा दाखल झाला. प्रतिवादीने कैफियत दिली की बांध आम्ही सरकविला नसून तो मागील वर्षीच्या भूकंपाने सरकला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या ज्या पहाटेने किल्लारीसह कितीएक गावे जमीनदोस्त केली, तिचाही साडेतीन गुंठ्यांसाठी आधार घेणारा मनुष्य निर्ढावलेला खराच. परंतु त्याच्या वकिलाच्या प्रतिभेस मी आज विद्यार्थी या नात्याने दाद देतो. भूकंपाने बांध केवळ पूर्वेकडेच कसा सरकला आणि तोही मोजून एका औताच्या रुंदीने, याचा उलगडा करण्यासाठी कोर्ट कमिशनर आला, मोजणीदार आला, नकाशा झाला, नकाशावर हरकत झाली. मग हुकूमनामा, मग अपील, मग फेरचौकशीसाठी प्रकरण खाली परत. मध्यंतरी मूळ प्रतिवादी वारला आणि त्याचे वारस नव्वद दिवसांत अभिलेखावर घेण्याचा अर्ज आप्पांनी त्याच्या तेराव्याचे जेवण जेवून आल्यावर त्याच हाताने सही करून दिला.

हे सारे मला ठाऊक होते, पण ते कायद्याचे शिक्षण आहे हे ठाऊक नव्हते. १९०८ सालची दिवाणी प्रक्रिया संहिता, कलमे १५८, त्यांखाली आदेश ५१ आणि आदेशांखाली नियम, हा ग्रंथ मी रात्री मोठ्याने वाचू लागलो की आप्पा बाजेवरून हुंकार देत. आणि बहुधा मी नियम वाचण्याआधीच तो त्यांना आलेला असे. समन्स बजावताना इसम सापडला नाही तर त्याची प्रत घराच्या बाहेरल्या दारावर चिकटवावी, असे पाचव्या आदेशात मी वाचताच आप्पा म्हणाले, "आन् इसम परसात कोंबड्या हाकलीत असतो. बेलिफाला आवाज येतो, पर बेलिफानं आवाजावर समन्स चिटकवायचं का?" डिक्रीच्या अंमलबजावणीत ऋणकोची कोणती चीजवस्तू जप्त करता येत नाही याची यादी साठाव्या कलमात आहे: अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माचाराप्रमाणे स्त्रीस अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने, आणि ऋणको शेतकरी असल्यास त्याची अवजारे, उपजीविकेपुरती जनावरे आणि बियाणे. हे ऐकून आप्पा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हे लिहिणाऱ्याच्या घरी जप्ती येऊन गेली असंल." १९०८ साली ज्यांनी हे लिहिले त्यांच्या घरी जप्ती येण्याचा संभव नव्हता, हे सांगून त्यांची श्रद्धा मोडण्याचे धैर्य मला झाले नाही.

सतराव्या आदेशाने मात्र त्यांना धक्का बसला. दाव्याच्या सुनावणीत एका पक्षकारास तीनांहून अधिक वेळा तहकुबी देऊ नये, असे तेथे स्वच्छ लिहिले आहे.

"तीनदा? सालाला का?"

"नाही आप्पा, सगळ्या दाव्यात."

आप्पांनी बोटे मोजावयास सुरुवात केली, दोन्ही हातांची संपल्यावर थांबले, आणि संहिता माझ्या हातून घेऊन ती छापील चूक आहे काय हे दिव्याजवळ धरून पाहू लागले.

संहितेचे अकरावे कलम प्राङ्न्यायाचे. ज्या वादाचा एकदा योग्य न्यायालयात निकाल लागला तो त्याच पक्षकारांस पुन्हा उकरून काढता येत नाही, हे तत्त्व मी आमच्या घरात लागू करून पाहिले. माझ्या लग्नात वरपक्षाच्या सर्व वडीलधाऱ्यांस फेटे बांधले गेले आणि आप्पांस बांधावयाचा राहून गेला, हा वाद १९९१ पासून प्रत्येक दिवाळीत सुनावणीस येतो. माझ्या सासऱ्यांनी हयातीत दोनदा माफी मागितली, एकदा पूर्ण पोशाखही केला. तथापि फेटा तो फेटा. मी अकरावे कलम वाचून दाखविताच आप्पांनी विचारले की, तो निकाल देणाऱ्यास तसा अधिकार होता काय? अधिकार नसलेल्या न्यायालयाचा निकाल प्राङ्न्याय ठरत नाही, हे तेच कलम सांगते. मी पुस्तक मिटले.

मुदतीचा कायदा १९६३ चा. बत्तीस कलमे आणि मागे १३७ अनुच्छेदांची अनुसूची. घेणे असेल तर तीन वर्षे, जमिनीचा कब्जा असेल तर बारा. दुसऱ्याच्या जमिनीवर बारा वर्षे उघडपणे, अखंड आणि मालकाच्या नाकावर टिच्चून बसलेला मनुष्य अखेर मालकासच बाहेर बसवितो. आमच्या प्राध्यापकांनी, जे वयाने माझ्या थोरल्या मुलाहून दोन वर्षांनी लहान आहेत, हा प्रतिकूल ताब्याचा सिद्धांत लॅटिन वचनांसह तासभर समजाविला. शेजाऱ्याने तो लॅटिनाविना अकरा वर्षे आचरला होता, आणि आप्पांनी बाराव्या वर्षी दावा लावून त्याचे पुण्य एका पावसाळ्याने कमी पाडले होते. यावर मी वर्गात उभा राहून प्रत्यक्ष उदाहरण दिले तेव्हा मुलांनी टाळ्या वाजविल्या; माझ्या आयुष्यातील साडेतीन गुंठ्यांचा एवढाच सार्वजनिक लाभ.

मसुदालेखनाच्या विषयाने तर मला अक्षरशः श्रीमंत केले. या विषयात पंधरा वादपत्रादी कागद आणि पंधरा दस्त स्वतः लिहून द्यावे लागतात. प्रत्येकी तीन गुण, आणि दहा गुण तोंडी परीक्षेचे. मुले छापील वह्यांवरून काल्पनिक वादींचे काल्पनिक दुःख उतरून काढीत होती. मी आप्पांची पत्र्याची पेटी उघडली. वादपत्र, कैफियत, मनाई हुकमाचा अर्ज, त्यावरील 'से', शपथपत्र, अपिलाचे निवेदन, वकीलपत्र, मुखत्यारपत्र. खाली खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र. आणि तळाशी आजोबांच्या काळचे उर्दूत लिहिलेले काही कागद, ज्यांचा अर्थ घरात कोणासच लागत नाही आणि म्हणून ज्यांचा दरारा सर्वांत अधिक. नावे बदलून मी तीसही मसुदे सिद्ध केले. 'भाषा जुनाट, परंतु अस्सल' असा शेरा मिळाला. तो शेरा एका दिवंगत अर्जनवीसाचा आहे. मी केवळ त्याचा वारस म्हणून अभिलेखावर आलो.

आता समुद्राकडे वळतो. ज्या लातुरास १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून दहा वाघिण्यांत भरलेले पाच लाख लिटर पाणी आगगाडीने आले आणि लोकांनी त्या गाडीचे 'जलदूत' म्हणून स्वागत केले, त्या लातुरात बसून साठ विद्यार्थी सागरी कायद्याचे अध्ययन करतात, ही गोष्ट मला विद्येच्या निरपेक्षतेचे परमोच्च उदाहरण वाटते. प्रादेशिक समुद्र किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, अनन्य आर्थिक क्षेत्र २०० मैल. हे ठरविणारा करार १९८२ च्या डिसेंबरात जमैकात झाला. त्याच वर्षी ऑगस्टात उस्मानाबादेतून फुटून लातूर जिल्हा झाला होता. एका वर्षात जगाने समुद्र वाटून घेतला आणि आम्ही दुष्काळ.

आप्पांनी हा विषय फार मनावर घेतला. "दोनशे मैल? मोजणी कुणी केली?" त्यांचा पहिला प्रश्न. "समुद्राला बांध कुठाय?" हा दुसरा. ह्यूगो ग्रोशियस नामक डच पंडिताने १६०९ साली ग्रंथ लिहून समुद्र कोणाच्याच मालकीचा नाही असे प्रतिपादिले, हे सांगितल्यावर त्यांचे समाधान झाले नाही, कारण कोणाच्याच मालकीची नसलेली जमीन आमच्याकडे गायरान म्हणवते आणि गायरानाचे पुढे काय होते हे आप्पांनी पाहिले आहे. मात्र हाच ग्रोशियस पुढे किल्ल्यात कैद झाला असता १६२१ साली त्याच्या पत्नीने त्यास पुस्तकांच्या पेटीत घालून पहाऱ्यातून बाहेर काढले, हे ऐकताच आप्पांनी आपल्या पत्र्याच्या पेटीकडे पाहिले, मग चुलतीकडे पाहिले, आणि "आमच्यात पेटी मोठी नाही" एवढेच म्हणाले. जमैकाच्या त्याच करारात, ज्या राष्ट्रांस समुद्रकिनारा नाही त्यांस शेजारी राष्ट्रातून समुद्राकडे जाण्याचा हक्क दिला आहे. मागल्या शेतवाल्यास पुढल्याच्या बांधावरून गाडीवाट मागता येते, आणि त्यासाठी १९०६ सालचा मामलेदार न्यायालय अधिनियम व १९६६ ची जमीन महसूल संहिता आहे, तोच हा न्याय, असे मी खुलासा करून सांगितले. आप्पांना पटले. "पर अडवलं तर नेपाळानं अर्ज कुण्या तहसीलदाराकडं द्यायचा?" आंतरराष्ट्रीय कायद्याचे सारे मर्मस्थान या एका प्रश्नात आहे, आणि मी तो परीक्षेत आप्पांचे नाव न घेता सात पाने वाढवून लिहिला.

साक्ष्याचा विषय सुरू होईपर्यंत एक उत्पात होऊन गेला होता. पहिल्या वर्षी मी १८६० ची दंडसंहिता पाढ्यांसारखी पाठ केली होती. खून तीनशे दोन, फसवणूक चारशे वीस. १ जुलै २०२४ रोजी तिन्ही फौजदारी कायदे बदलले. ५११ कलमांची ३५८ झाली, खून एकशे तीनवर आला, फसवणूक तीनशे अठरावर. आता 'तो मोठा चारसोबीस आहे' या वाक्यात जी सुरी आहे ती 'तो मोठा तीनशे अठरा आहे' यात कोठून आणावी? बांधावरच्या भांडणात 'तुला एकशे सातमध्ये बसवतो' म्हणून धमकावणारा मनुष्य 'तुला एकशे सव्वीसमध्ये बसवतो' म्हणाला, तर समोरच्याला रेल्वेचे आरक्षण मिळाल्यासारखे वाटावयाचे. आप्पा मात्र निर्विकार होते. निजामाच्या राज्यात दंडसंहिता निराळी होती, १९५१ साली ती जाऊन हिंदुस्थानची आली, तेव्हाही लोक असेच हबकले होते म्हणे. कज्जे तेवढे तेच राहिले.

अभिरूप न्यायालयात माझी प्रतिपक्षाची वकील कोण असावी? माझीच एक जुनी विद्यार्थिनी, जिच्या सातवीच्या वहीत मी वर्षभर तांबड्या शाईने 'उत्तर मुद्देसूद लिहावे' असे लिहीत आलो होतो. मी वादीतर्फे उभा राहिलो, विषयाची ऐतिहासिक पार्श्वभूमी विशद केली, दोन सुभाषिते सांगितली, आणि मूळ मुद्द्यापाशी पोहोचण्याआधी घंटा झाली. ती उठली, चार मिनिटांत तीन निवाडे ठेवले, आणि अत्यंत आदराने न्यायासनास म्हणाली, "माझ्या विद्वान मित्रांना मुद्देसूद बोलण्याचे निर्देश व्हावेत." नंतर बाहेर येऊन तिने माझ्या पायांस हात लावला. दहापैकी मला चार गुण, तिला नऊ. गुरूने शिष्याकडून पराजय इच्छावा असे शास्त्रवचन आहे. ते लिहिणाऱ्यास अंतर्गत गुण नसावेत.

याच सत्रात तडजोडीने वाद मिटविण्याच्या मार्गांविषयी वाचून माझे मन इतके द्रवले की एका रात्री मी आप्पांजवळ लोकअदालतीची गोष्ट काढली. लोकअदालतीचा निवाडा अंतिम, त्यावर अपील नाही, भरलेली कोर्ट फी परत. साडेतीन गुंठ्यांपैकी दोन त्याने द्यावेत, दीड आपण सोडावेत. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतले. मग त्यांनी मला तारखेच्या दिवसाचे वर्णन सांगितले: सकाळी प्रतिवादीच फटफटीवरून त्यांस न्यावयास येतो, कारण त्यांचे गुडघे धरले आहेत, पूर्वी त्याचा बाप आणि आप्पा एकाच काळीपिवळीत गुडघ्याला गुडघा लावून जात. पुकारा होईपर्यंत दोघे लिंबाखाली बसतात. एका तारखेचा चहा वादीचा, पुढल्या तारखेचा प्रतिवादीचा. पाऊस, तुरीवरचा मर, कोणाच्या मुलीचे कोठे जमले, सारे तेथेच कळते. गावात मात्र वाद न्यायप्रविष्ट असल्याने उभयतांचे बोलणे बंद आहे.

"मिटवलं तर मग तारखेला जायचं कुठं?" आप्पा म्हणाले.

लोकअदालतीवरील माझ्या टिपणात या हरकतीस उत्तर नव्हते, आणि प्राध्यापकांच्याही नव्हते.

निकाल लागला. आंतरराष्ट्रीय कायद्यात मी वर्गात पहिला आलो. चाकुरास समुद्र नसल्याने या ज्ञानाचा विनियोग कोठे करावा हा प्रश्न खुला आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेत चार गुणांनी अनुत्तीर्ण झालो. फेरपरीक्षेची तारीख उन्हाळ्यात लागली, आणि आप्पांच्या दाव्याचीही नेमकी तीच. आप्पांचा आग्रह की मी कोर्टात हवाच. परीक्षेत सतरावा आदेश चालत नाही. म्हणून अखेर मी आयुष्यातील पहिला खरा अर्ज लिहिला: 'अर्जदार वादी वयोवृद्ध असून त्यांचा सोबतीचा पुतण्या सदर तारखेस दिवाणी प्रक्रिया संहितेच्या परीक्षेस दुसऱ्यांदा बसत आहे, सबब तहकुबी मंजूर व्हावी.' तीनांची मर्यादा आम्ही केव्हाच ओलांडली आहे, तेव्हा कारण असाधारण आहे असेही एक वाक्य घातले. अर्जाची प्रत प्रतिवादीस द्यावयास गेलो तो त्याच्या दारी मांडवाचे बांबू पडलेले. त्याच आठवड्यात त्याच्या मुलीचे लग्न आहे. त्याने उभ्याउभ्याच अर्जाखाली 'हरकत नाही' असे लिहून सही केली. बत्तीस वर्षांच्या त्या फायलीत उभय पक्षांच्या सह्यांचा हा एकच कागद.

लग्नात पहिला फेटा आप्पांना बांधणार आहेत, असे आप्पा सांगतात. हा पुरावा ऐकीव आहे.